१२० खाटा, १२ मोटारी

विद्यापीठाच्या गावात मुलांना राहण्यासाठी नवी इमारत बांधायची ठरली, की वाद कशावरून होत असेल? उंचीवरून, गोंगाटावरून, रात्री-अपरात्रीच्या पार्ट्यांवरून... तुमच्या मनात जे जे येईल त्या सगळ्यावरून होतो. पण अमेरिकेत हा वाद कागदावर येतो तो मोटारी उभ्या करायच्या जागेवरून. जी इमारत अजून उभीच राहिली नाही तिच्या गोंगाटाला आकडा कुठून आणणार? पार्किंगला मात्र नियमात आकडा असतो. आणि ज्याला आकडा असतो त्यावर भांडायला बरं पडतं.

मी आर्किटेक्ट. शिकले पुण्यात, पण नोकरीची बरीच वर्षं बॉस्टनच्या आसपासच्या गावांत गेली, आणि त्यातली काही वर्षं विद्यार्थ्यांच्या इमारतींवर. अशाच एका इमारतीसाठी २०१३ साली आम्ही पार्किंगच्या नियमातून सूट मागितली होती. अशी सूट कशी मागतात, ती कोण देतं, आणि ती देताना समोरचा माणूस नेमकं काय मागून घेतो, हे आज सांगायचं आहे. गावाचं नाव घेत नाही. त्या परिसरातल्या निम्म्या गावांची गोष्ट थोड्याफार फरकाने तीच आहे.

आधी झोनिंग म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्याकडे आपण ज्याला ‘डीसी रूल्स’ म्हणतो, त्याचाच हा अमेरिकन भाऊ. घरं कुठे, दुकानं कुठे, कारखाने कुठे, इमारत किती उंच, रस्त्यापासून किती आत, हे सगळं त्यात ठरतं. न्यूयॉर्कने १९१६ साली शहरभर लागू होणारा असा पहिला नियम केला आणि मग देशभर त्याचं लोण पसरलं. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टन शहर सोडलं, तर बाकी सगळ्या गावांना राज्याचा एक मूळ कायदा लागू आहे, आणि त्याच्या चौकटीत प्रत्येक गावाचं स्वतःचं नियमांचं पुस्तक. म्हणजे एक रस्ता ओलांडला, गाव बदललं, की नियम बदलले.

या पुस्तकांत पार्किंगचा आकडा शिरला तो जरा उशिरा. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराने १९२३ साली सदनिकांच्या इमारतींना आपापल्या गाड्यांची सोय करायला लावली, ही त्याची सुरुवात मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी मोटार आली, रस्ते भरले, आणि मग जवळजवळ प्रत्येक शहराने बांधणाऱ्याला बजावलं, की तुमच्याकडे येणाऱ्यांच्या गाड्या तुमच्या आवारात. ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. अडचण आकड्याची आहे. तो आला कुठून?

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. २०२५ साली ते वारले. त्यांनी आयुष्यभर हा एकच प्रश्न विचारला, आणि २००५ साली त्यावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी गावोगावच्या पुस्तकांतले मासले दिले आहेत. पोहण्याच्या तलावाला दर अडीच हजार गॅलन पाण्यामागे एक गाडी. ननांच्या मठाला दर दहा ननांमागे एक गाडी. हा हिशेब कुणी बसून केला असेल असं तुम्हाला वाटतं का? एका गावाने शेजारच्या गावाचं पुस्तक पाहून उतरवलं, शेजारच्याने त्याच्या शेजाऱ्याचं. जिथे प्रत्यक्ष मोजणी होती, तीही बरीचशी शहराबाहेरच्या अशा जागांवरची, जिथे पार्किंग फुकट आणि बस नावालाही नाही. तिथला आकडा उचलून आणला आणि लावला विद्यापीठाच्या गावाला, जिथे मुलं पायी किंवा सायकलीने वर्गात जातात.

आता आमच्या इमारतीकडे येते. आकडे गोल करून सांगते, म्हणजे हिशेब डोक्यात राहील. एका खासगी बिल्डरची पाच मजली इमारत, १२० मुलामुलींसाठी. विद्यापीठ चालत दहा मिनिटांवर, बसचा थांबा कोपऱ्यावर, भुयारी रेल्वे त्याच्या थोडी पुढे. गावाचा नियम असा, की दर दोन खाटांमागे एक गाडी. म्हणजे ६० गाड्या.

एका गाडीला जागा किती लागते? नुसती गाडी उभी करायची तर नऊ फूट बाय अठरा फूट. पण गाडी आत आली पाहिजे, वळली पाहिजे, बाहेर पडली पाहिजे. तो रस्ता धरला की सरासरी सव्वातीनशे चौरस फूट. गुणिले ६० केले की झाले साडेएकोणीस हजार. आणि आमचा सगळा प्लॉट होता १६ हजार चौरस फुटांचा, आपल्या भाषेत पंधरा गुंठ्यांच्या आतला. म्हणजे इमारत बाजूला ठेवून नुसत्या गाड्या लावायच्या म्हटल्या तरी त्या मावत नव्हत्या! दोन मुलं राहतात त्या खोलीला सुमारे दोनशे चौरस फूट पुरतात. त्यांच्या वाट्याच्या एका गाडीला, जी त्यांच्याकडे नाहीच, सव्वातीनशे.

मग करायचं काय? जमिनीखाली दोन तळघरं खणायची, किंवा खालचे मजले गाड्यांना देऊन मुलांची संख्या कमी करायची. तळघरातली एकेक जागा बांधायला तिकडे काही दशसहस्र डॉलर पडतात. ते पैसे बिल्डर खिशातून घालत नाही. ते भाड्यात येतात. ज्या मुलीकडे गाडी नाही, जी शनिवारी एका उपाहारगृहात ताटं उचलून फीचे पैसे जमवते, तिच्या भाड्यात दुसऱ्याच्या गाडीची जागा असते. आणि तिला ते कळतही नाही, कारण पावतीवर तसं लिहिलेलं नसतं.

म्हणून आम्ही ६० ऐवजी १२ गाड्यांची परवानगी मागायचं ठरवलं. त्यात अपंगांसाठी राखीव जागा, व्यवस्थापकाची गाडी, आणि दोन गाड्या तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सामायिक योजनेच्या. शिवाय १२० सायकलींची बंद खोली.

इथे एक आडवळण घेते, कारण श्रोत्यांपैकी कुणाची मुलं तिकडे शिकत असतील तर त्यांना हे कुतूहल असेल. हीच इमारत विद्यापीठाने स्वतः, शिक्षणाच्या कामासाठी म्हणून बांधली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती. मॅसॅच्युसेट्समध्ये डोव्हर नावाचं एक लहान गाव आहे. त्याने निवासी भागात धार्मिक शाळांना मनाई केली, आणि त्यावर उतारा म्हणून राज्याने १९५० साली कायदा बदलला. शिक्षणसंस्थांना गावाचं झोनिंग अडवू शकणार नाही; गावाला उंची, मोकळी जागा, पार्किंग अशा बाबतींत फक्त ‘वाजवी’ नियम लावता येतील. वाजवी म्हणजे किती, हा वाद टफ्ट्‌स विद्यापीठ आणि मेडफर्ड शहर यांच्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९३ साली न्यायालयाने कसोटी घालून दिली, की नियमामुळे गावाचं खरंखुरं हित साधलं जातंय का, आणि ते साधताना शिक्षणाच्या कामाचा गळा तर आवळला जात नाही ना. पण हे कवच संस्थेला. आमचा मालक खासगी. त्याला इतर बिल्डरांसारखं रांगेत उभं राहणं भाग होतं.

रांगेतल्या माणसाला दोन दारं असतात. एकाचं नाव ‘व्हेरिअन्स’, दुसऱ्याचं ‘स्पेशल परमिट’. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, आत गेल्यावर फरक कळतो.

व्हेरिअन्स म्हणजे नियमातून सोडवणूक. कायद्याने ती मुद्दाम अवघड केली आहे, नाहीतर ज्याची ओळख त्याला सूट असं व्हायचं. मॅसॅच्युसेट्सचा कायदा म्हणतो, की अडचण जमिनीचीच असली पाहिजे. तिची माती, तिचा आकार किंवा तिचा चढउतार. आणि ती तुमच्याच जमिनीची असली पाहिजे, सगळ्या भागाची नव्हे. नियम तंतोतंत पाळला तर मोठं नुकसान होतं हे दाखवायचं, आणि सूट दिल्याने लोकांचं नुकसान होत नाही हेही दाखवायचं.

म्हणजे पाहा, आमचं खरं कारण होतं की मुलांकडे गाड्या नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ते कारणच नव्हतं! जमिनीत किती पाणी आहे, एवढंच कायदा विचारणार होता. सुदैवाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, पाणी होतं. बोअर घेतले तर सहा फुटांवर लागलं. तळघर खणायचं तर चहूबाजूंनी पाणी अडवायची भिंत बांधायची आणि पंप कायमचे चालू ठेवायचे. आमच्या वकीलबाईंनी यावर सुरेख अर्ज लिहिला. पण सोबत दुसराही अर्ज टाकून ठेवला, स्पेशल परमिटचा. त्यांचा हात अशा कामात मुरलेला होता.

स्पेशल परमिट ही नियमाच्या पोटातलीच सोय. गावाच्या पुस्तकातच लिहिलेलं असतं, की अमुक गोष्टी दाखवल्यात तर बोर्ड पार्किंगचा आकडा कमी करू शकेल. बस जवळ आहे, गाड्यांची गरज कमी आहे, शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशी व्यवस्था केली आहे, वगैरे. इथे जमिनीतलं पाणी लागत नाही, इथे माणसांचं वागणं मोजतात. आणि बोर्डाला हव्या तशा अटी घालता येतात.

अर्ज दाखल झाला, की कायद्याचं घड्याळ सुरू होतं. ६५ दिवसांच्या आत सुनावणी. त्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे जाहीर सूचना, त्यातली पहिली सुनावणीच्या निदान १४ दिवस आधी. आणि टपालाने पत्रं. लगतच्या मालकांना, रस्त्यापलीकडच्या समोरच्या मालकांना, आणि लगतच्यांच्या लगतचे जे ३०० फुटांच्या आत असतील त्यांना. आपल्याकडे अशी सवलत बहुधा आयुक्तांच्या टेबलावरच्या फायलीत मागितली जाते आणि फायलीतच मिळते. शेजाऱ्याला ती कळते ती खोदकामाचं यंत्र दारात आल्यावर. तिकडे शेजाऱ्याला आधी पत्र जातं. हा फरक फार मोठा आहे. तो नेहमी बांधणाऱ्याच्या सोयीचा नसतो, आणि गरजू भाडेकरूच्याही सोयीचा नसतो, कारण पत्र घरमालकाला जातं. अजून गावात न आलेल्या विद्यार्थ्याला सुनावणीचं पत्र कोण पाठवणार?

सुनावणी गावाच्या सभागृहात, संध्याकाळी सात वाजता. पाच सभासदांचं बोर्ड, गावातलीच माणसं. एक निवृत्त शिक्षक, एक विमा व्यवसायातले गृहस्थ, एक बागकाम करणाऱ्या बाई अशी. दिवसभर आपापली कामं करून रात्री अकरापर्यंत शेजाऱ्यांची भांडणं ऐकायची. मला या माणसांविषयी नेहमीच आदर वाटत आला.

आमच्या वकीलबाईंनी पाण्याचा मुद्दा मांडला. मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. म्हणाले, “पाणी माझ्याही तळघरात आहे. समोरच्यांच्याही आहे. वसंत ऋतूत बर्फ वितळलं की या रस्त्यावर सगळ्यांचे पंप चालू असतात. मग यांच्या जमिनीचं विशेष काय?” सभागृहात हशा पिकला, पण व्हेरिअन्सचं दार तिथेच मिटलं. अडचण साऱ्या भागाची असली तर ती कायद्याच्या लेखी अडचणच नव्हे. वकीलबाईंनी शांतपणे तो अर्ज मागे घेतला. मागे घ्यायचं कारण असं, की बोर्डाने एकदा नकार दिला तर तोच अर्ज दोन वर्षं पुन्हा विचारात घेत नाहीत, काही ठोस बदल केल्याशिवाय. नकार यायच्या आत घरी नेलेला बरा.

राहिला दुसरा अर्ज. त्यासाठी आम्ही आधी एक काम केलं होतं. फेब्रुवारीतल्या थंडीत, पहाटे तीनला, मी आणि ऑफिसातली दोन तरुण मुलं गावातल्या अशाच तीन इमारतींच्या आवारात गाड्या मोजत फिरलो. वेळ तीनचीच का? तेव्हा जो तिथे राहतो त्याची गाडी तिथेच असते. एकदा पोलिसांनी हटकलं. वही दाखवली तेव्हा सोडलं. तिन्ही आवारांत निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या, आणि त्यांवरचं बर्फ कुणी काढलंही नव्हतं. त्या बर्फाचे फोटो पुढे सगळ्यात उपयोगी पडले. आकड्यावर कुणी शंका घेतं. आठवडाभराचं न तुडवलेलं बर्फ पाहिल्यावर कुणी बोललं नाही. पुढे २०१९ साली बॉस्टन परिसराच्या नियोजन परिषदेने जवळजवळ २०० निवासी इमारतींत अशीच रात्रीची मोजणी केली, तेव्हा सुमारे ३० टक्के जागा रिकाम्या निघाल्या. त्या विद्यार्थ्यांच्याच इमारती नव्हत्या, साध्या कुटुंबांच्याही होत्या.

फोटो पाहून झाले आणि एक आजीबाई बोलायला उभ्या राहिल्या. सत्तरी उलटलेली, हातात काठी. आमच्या प्लॉटपासून तिसरं घर त्यांचं.

त्यांचं म्हणणं समजायला तिकडचा हिवाळा डोळ्यांपुढे आणावा लागेल. दोन फूट बर्फ पडलं, की रस्त्यालगत उभी केलेली गाडी खणून काढावी लागते. तास-दीड तास फावडं मारलं की एका गाडीएवढी जागा मोकळी होते. ती जागा सोडून कामावर जायचं, आणि परत येईपर्यंत दुसरंच कुणी तिथे गाडी लावून मोकळं! म्हणून बॉस्टनकडे लोक त्या जागेवर खुर्ची, पिंप, इस्त्रीचं टेबल काहीही मांडून जातात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच. बॉस्टन शहराने तर अशा खुर्चीला बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तासांची मुभा दिली आहे. कुणी खुर्ची बाजूला सारून गाडी लावली तर टायरातली हवा जाते, आणि ती कशी गेली हे कुणालाच माहीत नसतं.

आजीबाई म्हणाल्या, “तुमचे फोटो चांगले आहेत. मुलांकडे गाड्या नसतात हेही खरं असेल. माझी मुलगी रोज संध्याकाळी मला इंजेक्शन द्यायला येते. ती गाडी घराजवळ लावते. एकशेवीस मुलांपैकी वीस जणांनी गाड्या आणल्या तर तिला दोन गल्ल्या पलीकडे लावावी लागेल. मला एवढंच सांगा, अशी गाडी आली तर मी फोन कुणाला करायचा?”

आमच्या बाजूने कुणालाच पटकन उत्तर सुचेना. आमच्याकडे आलेख होते, नकाशे होते, वाहतुकीच्या सल्लागाराचा अहवाल होता. फोन नंबर नव्हता.

माझं मत विचाराल तर त्या दिवशी सगळ्यात मुद्द्याचं त्याच बोलल्या. पार्किंगचा नियम खुळचट असेल, पण तो नियम म्हणजे शेजाऱ्याला दिलेली एक हमी असते. काय वाटेल ते होवो, इमारतीच्या गाड्या इमारतीत राहतील. तो नियम काढून घ्यायचा, तर त्या जागी तेवढीच पक्की दुसरी हमी ठेवावी लागते. “आमची मुलं गाड्या आणणार नाहीत” हे नुसतं भाकीत. भाकिताच्या भरवशावर कुणी आपली रस्त्यावरची जागा का सोडावी?

बोर्डाने महिनाभराची मुदत दिली आणि आम्ही अटींचा मसुदा घेऊन परत गेलो. तो मसुदा म्हणजेच सवलतीचा खरा गाभा.

मुख्य अट रस्त्यावरच्या परवान्याची. त्या परिसरात बहुतेक गल्ल्यांमध्ये रहिवाशांच्या गाड्यांना एक स्टिकर मिळतो. तो असेल तरच रात्री गाडी लावता येते. असा भेद करणं घटनेत बसतं का, हा प्रश्न व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनवरून थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि १९७७ साली न्यायालयाने बसतं म्हणून सांगितलं. स्टिकर मिळवायचा तर गाडी मॅसॅच्युसेट्समध्ये, त्याच गावच्या पत्त्यावर नोंदवलेली लागते आणि गावाचा वाहनकर भरावा लागतो. न्यू जर्सीहून बाबांची गाडी घेऊन आलेल्या मुलाला तो आपोआपच मिळत नाही. आम्ही एक पाऊल पुढे गेलो. या इमारतीच्या पत्त्यावर स्टिकर द्यायचाच नाही, असं लिहून दिलं. वाहतूक विभागाने पत्ता आपल्या यादीत घालायचा. ही अट खरेदीखतांच्या नोंदणी कार्यालयात जमिनीच्या नावावर नोंदवायची, म्हणजे उद्या मालक बदलला तरी ती जमिनीबरोबर राहील.

भाडेकरारात वेगळं कलम, आणि त्याखाली मुलाची वेगळी सही. इमारतीतल्या बारा जागांचं भाडं खोलीच्या भाड्यापासून तोडलेलं, म्हणजे ज्याला जागा हवी त्यानेच तिचे पैसे द्यायचे. प्रत्येकाला बसचा पास मालकाच्या खर्चाने. दर ऑक्टोबरमध्ये रात्रीची मोजणी करून अहवाल गावाला सादर करायचा, आणि पहिली तीन वर्षं गाड्या ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त आढळल्या तर मालकाने जवळपासची जागा भाड्याने घ्यायची. व्यवस्थापकाचं नाव आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर ३०० फुटांतल्या प्रत्येक घरी लेखी कळवायचा.

आणि एक सप्टेंबर. बॉस्टनच्या परिसरात विद्यार्थ्यांचे बहुतेक भाडेकरार एकाच दिवशी संपतात आणि एकाच दिवशी सुरू होतात. तो दिवस म्हणजे एक सप्टेंबर. रस्तोरस्ती गाद्या, पंखे, टेबलं, आणि वाटेल तसे उभे केलेले टेम्पो. आम्ही प्रत्येक मुलाला सामान उतरवायला अर्ध्या-अर्ध्या तासाची वेळ वाटून द्यायचं कबूल केलं. आता यात भर पडली आहे घरपोच खाण्याची आणि खोक्यांची. गाडी रात्रभर ठेवायला जागा कमी लागते, पण पाच मिनिटं थांबायला जागा फार लागते. आज तोच अर्ज करायचा झाला तर मी दारापुढे थांब्याची जागा आधी मागेन.

मतदानाला पाचातली चार मतं हवी होती. चारच पडली. निवृत्त शिक्षकांनी विरोधात मत दिलं, आणि कारणही सांगितलं, की अटी चांगल्या आहेत पण दहा वर्षांनी त्या पाळल्या जातात का हे पाहायला टाउन हॉलमध्ये माणूस कुठे आहे? त्यांचं बोलणं मला आजही पटतं. मग वीस दिवस अपिलाची मुदत. कुणी कोर्टात गेलं नाही.

तेव्हापासून तिकडे बरंच बदललंय. २०२१ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्सने कायदा सुधारला. पार्किंग कमी केल्याने जास्त घरं होणार असतील तर त्या स्पेशल परमिटला आता साधं बहुमत पुरतं, पाचात तीन. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराने २०१७ सालीच पार्किंगची सक्ती शहरभर उठवली होती. हार्वर्ड आणि एमआयटीचं गाव केंब्रिज, त्याने ती २०२२ साली उठवली. कॅलिफोर्नियात २०२३ पासून मोठ्या सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत बहुतेक इमारतींवर शहरांना अशी सक्ती करता येत नाही. म्हणजे माझ्यासारख्यांचं पहाटे तीनला मोजत फिरण्याचं काम कमी होत चाललंय. पण सक्ती गेली म्हणजे आजीबाईंचा प्रश्न गेला असं नाही. उलट जिथे अर्जच करावा लागत नाही, तिथे अटी घालायला बोर्डही नसतं.

पुण्यात हे जसंच्या तसं चालेल का, असं मला इथे बरेच जण विचारतात. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या खोल्या पाहिल्यात ना तुम्ही? त्यांच्याकडे मोटार नसते, पण जिन्याखाली दुचाक्या हँडलला हँडल अडकवून उभ्या असतात. तेव्हा ‘मुलांकडे गाड्या नसतात’ हे अमेरिकेतलं वाक्य इथे आणून उपयोग नाही. इथे मोजणी दुचाकींची, तीही इथल्याच पेठेत, आणि रस्त्यावर रात्री उभी राहणारी गाडी कुणाची हे ठरवणारा स्टिकर इथे नाही, ही अडचण त्याहून मोठी. ज्या रस्त्यावर कुणाचाच हक्क लिहिलेला नाही, तिथे हक्क सोडतो असं तरी कुणी कसं लिहून देणार?

आमची इमारत २०१५ च्या एक सप्टेंबरला उघडली. पहिल्या हिवाळ्यात व्यवस्थापकाचा फोन आजीबाईंनी दोनदा वाजवला. एकदा कनेटिकटच्या पाटीची गाडी होती. मुलाला बोलावून कलम दाखवलं, आठवड्यात गाडी घरी गेली. दुसऱ्यांदा निघाली ती गल्लीतल्याच एका घरमालकाच्या पाहुण्याची. ऑक्टोबरचे अहवाल वेळेवर जात राहिले. त्यांत गाड्यांच्या बारा जागांपैकी नेहमी तीन-चार रिकाम्या, आणि सायकलींची खोली मात्र तुडुंब. मागे मालकाने मला विचारलं, की त्यातल्या दोन जागा सायकलींना देता येतील का? मी म्हटलं, देता येतील. पण बारा हा आकडा परवान्यात लिहिलेला आहे. तो दहा करायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा वर्तमानपत्रात सूचना, पुन्हा ३०० फुटांतल्या घरांना पत्रं, आणि पुन्हा संध्याकाळी सात वाजता सुनावणी.